कडू चालते

सकाळी तोंड धुतलं की संघर्ष माठाआडच्या ओल्या मडक्यातून इन्सुलिनची बाटली काढायचा आणि दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू घोळवायचा.

"ताक करून राह्यला का बे?" मनाली हटकून विचारायची.

"हाव. लोणी पाहिजे का तुले?"

मनाली त्याची मोठी बहीण. शाळेत असल्यापासून त्याला शुगर. आई, केसरबाई, त्याला रोज कारल्याचा रस पाजायची. कडू पोटात गेलं की रक्तातलं गोड उतरतं, असं घरात सगळ्यांनीच धरून ठेवलेलं. लग्नांतल्या डीजेवर कामाला लागल्यावर तो गाडीवरच्या पोरांबरोबर प्यायला लागला. मनालीनं पकडलं तेव्हा हसून म्हणाला, "गोड थोडीच असते ते? कारल्याहून कडू हाय." ती भडकली. पण भडकली ती पिण्यावर. कडूचा हिशेब तिलाही पटलाच होता.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी त्यानं सुई घेतली आणि काही न खाताच मांडवातले डीजेचे बॉक्स उतरवायला गेला. दुपारी सुलतानपूरच्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. मनाली पुढे बसून वंदना सांगत होती. दारात संघर्ष उभा. घामानं शर्ट चिंब, पाय एका जागी ठरेनात. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, नेमकं तिच्या ओठांवर आलं होतं. बाया वळून पाहू लागल्या.

ती उठली. त्याच्या तोंडाला वास येत होता. दंड धरून तिनं त्याला मागच्या सतरंज्यांच्या खोलीत नेलं. तो जड जिभेनं काही सांगू लागला.

"लाज नाही वाटत बे? आजच्या दिवशी? नीज इथंच!"

बाहेरून कडी लावून ती परतली आणि उरलेली वंदना तिनं खणखणीत आवाजात पूर्ण केली.

मग खीर वाटली. खिरीचं पातेलं घेऊन ती त्या दारावरून गेली. याले कुठं चालते, म्हणून थांबली नाही.

कडी काढली तेव्हा तो गार पडला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी सुई, वर दारू. साखर पार तळाला गेली. नशा आणि उतरलेली साखर, दोन्ही वरून सारखीच दिसतात. वेळेवर काही गोड पोटात गेलं असतं, तर...

गाव म्हणालं, पिऊन मेला. मनालीनं कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

केसरबाईनं मात्र एकदा विचारलं, "मनाली, तुह्याशी काही बोलला का व तो?"

"नाही," ती म्हणाली, आणि मडकं घासायला घेतलं.

तो बोलला होता. त्या खोलीत, तिचा पदर धरून, जड जिभेनं:

"ताई, चहा दे न व. साखर टाकजो."