काय झालं, काकू?

९ डिसेंबर. मेथी निवडते आहे, पण सकाळचा राग अजून उतरलेला नाही. न थांबता आठ किलोमीटर पळायचं, एवढ्यासाठी दोन महिने धडपडते आहे. आज सात झाले होते, श्वासाची लयही छान जमली होती. तेवढ्यात एका स्कूटरवाल्याने गाडी आडवी घातली.

"काय झालं, काकू? बस चुकली का? बसा मागे, गाठून देतो."

चेहऱ्यावर खरीच काळजी होती, म्हणून ओरडताही येईना. थांबले, आभार मानले, आणि मग पाय पुन्हा उचलेचनात. मागच्या आठवड्यात एका बाईंनी "घरी कुणाचं बरंवाईट झालं का हो?" म्हणत हातच धरला होता. आमच्या वयाची बाई पळते ती काहीतरी बिघडल्यावरच. ती मजेने पळेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. दोष तरी कुणाला द्यायचा? इतकी वर्षं मीही तशीच पळत आले.

१० डिसेंबर. सकाळी पुन्हा निघाले. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने हाक मारली, "ताई, काही अडचण?"

"काही नाही, मला पळायला आवडतं!" मी पळता पळताच ओरडले. त्यात दम गेला, पोटात कळ आली. पण आठ झाले.