सासूबाईंचं दोनदा नको

माझ्या सासूबाई कुठल्याही गोष्टीला आधी दोनदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणतेस तर" म्हणून घेतात. चहा असो, साडी असो, नाहीतर गाडीतली पुढची सीट. त्यांच्या माहेरी, मावळात, पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा पाहुणा हावरट ठरतो आणि एकदाच विचारून गप्प बसणारा यजमान कोत्या मनाचा. माझ्या माहेरीही थोड्याफार फरकानं हेच होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

सहा महिन्यांसाठी त्या आमच्याकडे अमेरिकेत, सांता क्लाराला आल्या तेव्हा मी ठरवलं, एकदाच विचारायचं. दिवसभर कॉल असतात, पोळी वाढायला विनवण्या करत बसायला वेळ नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे वेळ होता. मान खाली घालून 'नको गं' म्हणायची त्यांची ती पद्धत माझ्या डोक्यात जायची. "आई, चहा?" "नको गं, कशाला." "ओके." मी एकच कप करायचे आणि त्यांच्यासमोर बसून प्यायचे. चौथ्या दिवशी त्या पहिल्याच विचारण्याला "अर्धा कप" म्हणाल्या. मला प्रमोशन मिळाल्याचा आनंद झाला.

नवऱ्याला सगळं कळत होतं. तो फोनमध्ये बघत राहायचा.

त्याच उन्हाळ्यात त्याचं दक्षिण चीनमध्ये दोन आठवड्यांचं काम निघालं. तो एकटाच जाणार होता, पण सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला की आमची बारा वर्षांची मुलगी, मी आणि त्या, सगळ्याच निघालो. पुण्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान कित्येक वर्षं चिकटवलेलं आहे. चीनमधला डोंगर, आणि अगदी माथ्यापर्यंत नुसती भाताची खाचरं. सासूबाई भाताची लावणी करतच मोठ्या झालेल्या. "एवढ्या चढावर बांध कशाचा घालत असतील गं? मातीचा असेल तर पावसात टिकतो कसा?" हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. विमानातही ऐकलं. अख्ख्या चीनमध्ये त्यांना तेवढंच बघायचं होतं.

रविवारी गाडी करून आम्ही त्या डोंगराशी पोचलो. तीन तासांचा रस्ता होता. गाडी पायथ्यालाच थांबते, पुढे दगडी पायऱ्या, आणि पायथ्यावरून खाचरं दिसतच नाहीत, झाडीच दिसते. सासूबाई घरातला जिनासुद्धा गुडघे धरून धरून चढणाऱ्या. पण तिथे बांबूला बांधलेल्या वेताच्या खुर्च्या होत्या. दोन माणसं खांद्यावर उचलून वर नेतात.

"आई, खुर्चीत बसून येणार का?"

"नको गं बाई. माणसांच्या खांद्यावर कशाला बसायचं."

मान खाली गेली, पण नजर खुर्चीवरच होती. त्या थांबल्या. मी पुन्हा विचारायची वाट बघत त्या उभ्या होत्या, आणि ते मला स्वच्छ दिसत होतं.

"ओके," मी म्हटलं. "मग बसा इथे बाकावर. आम्ही येतो तीन तासांत."

नवऱ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं मिटलं. पाण्याची बाटली आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा त्यांच्याजवळ ठेवून आम्ही निघालो. शेजारी एक म्हातारी शेगडीवर रताळी भाजत बसली होती.

वर पोचल्यावर मी मोकळा श्वास घेतला. मी खरंच खूश होते. खाचरांत पाणी भरलेलं होतं आणि त्यात ढग दिसत होते. मी दोनशे तरी फोटो काढले. "किती निवांत वाटतंय," मी नवऱ्याला म्हटलं, "मागे कुणी कण्हत नाही."

"मॉम, आजीला हे बघायचं नव्हतं?"

"नको म्हणाल्या त्या."

"शी ऑलवेज सेज नो फर्स्ट," मुलगी म्हणाली. "एव्हरीबडी नोज दॅट."

"मग शिकायला हवं आजीनं," मी म्हटलं आणि तिला फोटोसाठी उभं केलं.

खाली आलो तर बाक रिकामा. शेगडीपाशीही कुणी नाही. नवरा "आई! आई!" करत गाड्यांमधून पळत सुटला. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. दहा मिनिटांनी बाजूच्या पायवाटेनं एक खुर्ची खाली येताना दिसली. खुर्चीत सासूबाई, बूट मांडीवर, पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले. हातात अर्धं रताळं. बाजूनं ती म्हातारी चालत होती, तिच्या काखेत आमचा पुऱ्यांचा डबा.

मी सगळ्यांदेखत ओरडले. "सांगून तरी जायचं! भाषा येत नाही, फोन वापरता येत नाही! आणि आम्हाला तर नको म्हणालात!"

सासूबाई सावकाश उतरल्या. बाकावर बसून बूट घातले.

"तिलाही नकोच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा म्हटलं. तिनं परत विचारलं." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "बांध मातीचाच असतो बरं का. पायानं तुडवून घट्ट करतात. मीही तुडवला थोडा."

गाडीत मी फोटो उघडून बघितले. ढग होते, आम्ही होतो. बांध कशाचा आहे ते माझ्या एकाही फोटोत कळत नव्हतं.

उरलेले दोन महिने त्या माझ्या प्रत्येक विचारण्याला लगेच उत्तर देत राहिल्या. हो, अर्धा कप. हो, एक पोळी. हॉटेलात वेटरला सांगावं तसं. मग त्या पुण्याला परत गेल्या.

या वर्षी मी स्वतः फोन केला. "आई, या ना इकडे उन्हाळ्यात." "नको गं." मी हसून पुन्हा म्हटलं. "नको." तिसऱ्यांदा म्हटलं, तुमच्याशिवाय करमत नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचं "बरं, एवढं म्हणतेस तर" काही आलं नाही. म्हणून चौथ्यांदाही विचारलं.

"एकदा सांगितलं ना," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन त्यांच्या मुलाकडे द्यायला सांगितला.