रिकामी पिशवी

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "किती दिवसांपासून अंगावर काढताय?"

मी म्हटलं, दोन वर्षं होत आली.

गर्भाशयात फायब्रॉइड होते. फायब्रॉइड म्हणजे गाठी. कॅन्सरच्या नव्हेत, पण त्यांच्यामुळे पाळीत नको तेवढं रक्त जातं. माझं हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठवर आलं होतं. हिमोग्लोबिन म्हणजे अंगभर प्राणवायू पोचवणारा रक्तातला घटक. बाईचं बाराच्या आसपास तरी हवं.

"अर्ध्या रक्तावर घर चालवताय तुम्ही," डॉक्टर म्हणाले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरंच वाटलं. अर्ध्यात भागवणं हाच तर माझा लौकिक.

आम्ही नालासोपारा पूर्वेला, आचोळ्याला राहतो. मिस्टर अंधेरीला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात, मुलगी दहावीत. एका पगारात फ्लॅटचा हप्ता, मुलीचा क्लास आणि बाकी सगळं. कुकरमध्ये भाताबरोबर डाळ आणि बटाटे एकदमच लावायचे, म्हणजे गॅस आठवडाभर जास्त पुरतो. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत जातात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी तर पाय पोटाशी घेऊनच झोपत होते.

तीच गत दुखण्याची. जिना चढताना धाप लागायची, कणीक मळताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दाखवू दिवाळीनंतर, दाखवू परीक्षेनंतर, असं करत मी तपासणी पुढे ढकलली. शेवटी एका सकाळी ओट्याशीच खाली बसले, ती उठता येईना. मुलीने वडिलांना फोन केला, तेव्हा कुठे हे सगळं उघड झालं.

पण मी आणखीही एका गोष्टीत काटकसर केली होती. ती कुठल्याच रिपोर्टमध्ये आली नाही.

माझं माहेर गास. नालासोपाराच, फक्त पश्चिमेला. घरून निघाले की पाऊण तासात पोचते. दादाची केळीची वाडी आहे, अळू आहे, कडेला सोनचाफा. आईची शिकवण होती, कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. वाटीभर साखर का होईना, घालूनच द्यायचं. माहेरून निघताना आई तिने शिवलेली कापडी पिशवी भरून द्यायची. ती परत नेताना मिठाई, भाचीला काहीतरी, असं हवंच. ते दर वेळी जमेना, म्हणून मी जाणंच कमी केलं. आधी महिन्याने, मग सणावारी.

आई फोन करायची. "ये गो बाय, चाफा फुललाय." मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात येते.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. त्या शेवटच्या वर्षात मी तीनदा गेले होते. फक्त तीनदा. तिने शेवटची भरून दिलेली पिशवी माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे तशीच लटकत राहिली. रिकामी कशी नेऊ, आणि भरून तरी कोणासाठी?

ऑपरेशन पालिकेच्या रुग्णालयात ठरलं. हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढून टाकणं. त्याआधी रक्ताच्या तीन पिशव्या चढवायच्या होत्या, आणि शक्य असेल तर बदल्यात रक्तदाते आणा, असं रक्तपेढीने सांगितलं. मी मिस्टरांना बजावलं, दादाला कळवू नका. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा वॉर्डात उभा. दंडाला चिकटपट्टी, पायाला वाडीची माती. मी पुटपुटले, तुझं हे मी कसं फेडू? त्याने खाटेशी स्टूल ओढून घेतलं. मग म्हणाला, "बाय, आयनं कदी पिशवी मोजली का गो?"

रक्त सुरू झालं. मी थेंब बघत पडले होते. सिस्टरना म्हटलं, हे माझ्या भावाचं. त्या म्हणाल्या, नाही हो, सख्ख्या नातेवाइकाचं रक्त शक्यतो थेट देत नाहीत. त्याची पिशवी पेढीत दुसऱ्या कुणासाठी गेली, तुम्हाला चढतंय ते तिसऱ्याच कुणाचं.

कोणाचं, ते कधीच कळणार नव्हतं. हे भांडं मी कोणाच्या दारात परत नेणार होते? उशीत तोंड खुपसून मी खूप रडले. तीन पिशव्या उतरेपर्यंत मला आई हवी होती. वाडीला पाणी लावताना पाटात पाय टाकला की लागणारा तो गारवा हवा होता.

ऑपरेशन नीट झालं. दीड महिना वजन उचलू नका, असं सांगून घरी सोडलं.

घर चालवणाऱ्या माझ्यासारख्या बायांनो, पाळीत रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. बोटभर बाटलीत रक्त द्यायचं, एवढंच काम आहे. दात कोरून पोट भरत नाही. मी दोन वर्षं कोरत बसले आणि तीन पिशव्या परक्या रक्तावर उभी राहिले. त्या अनोळखी तिघांना रोज दिवा लावताना हात जोडते.

टाके सुकल्यावर गासला गेले. मिठाई नाही, काही नाही. हातात फक्त आईची पिशवी, घडी घातलेली. वहिनीने ती घेतली आणि सवयीने केळीचा फणा घालायला निघाली. मी म्हटलं, वजन उचलायचं नाही अजून. मग दादाने पिशवी आईच्या खाटेमागच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. खाटेवर आता भाचीची पुस्तकं होती.

"इथंच राहू दे," तो म्हणाला. "आता कदी येशील?"

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

एवढंच ऐकायला आई वर्षभर फोनशी बसली होती.