मेखेपासून अर्ध्या बोटावर

"कागद ठेवा बाजूला, नग दाखवा," असं म्हणून चाचा तळहात पुढे करायचे. त्या तळहातावर मी आजवर बरंच काही ठेवलं आहे. दुकानदाराने शपथेवर दिलेला बल्ब, शेगडीचं बटण, एकदा छत्री. चाचा वस्तू उलटसुलट करून बघत आणि खिशातून दोरीवाली चिठ्ठी काढून तिला बांधत. हिरवी म्हणजे पास, तांबडी म्हणजे नापास, पिवळी म्हणजे थांबवा, नक्की सांगता येत नाही. छत्रीला पिवळी मिळाली होती. ती तशीच घेऊन मी आठवडाभर शाळेत जात होते.

लोणावळ्याच्या आमच्या चाळीत चाचांचं बिऱ्हाड माझ्या खोलीला लागून. गॅलरी एकच. चाचा एका सरकारी भांडारात माल तपासनीस होते. कंत्राटदाराने आणलेला माल ड्रॉइंगशी ताडून बघायचा, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. लोक निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी येतात, चाचा उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. "नोकरीत हे 'कागद ठेवा बाजूला' असं बोलत नव्हते," चाची मला एकदा म्हणाल्या. "तेव्हा ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. घरात पोळी वाकडी झाली तरी भीती वाटायची."

ग्रहांची भानगड माझ्यामुळे सुरू झाली, हे मी कबूल करते. मी विज्ञान शिकवते. गॅलरीत बसून वर्गासाठी तक्ता रंगवत होते. सूर्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी फिरत होती, सूर्याजवळ उष्णता म्हणून तिथे लहान दगडी ग्रह झाले, लांब गारठ्यात बर्फ टिकला म्हणून तिथे गुरूसारखे मोठे वायूचे ग्रह झाले. चाचा मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी विचारलं, हे ड्रॉइंग किती नगांवरून काढलं?

मी म्हटलं, एका. तेव्हा दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह दिसतच नव्हते.

"आणि आता?"

आता हजारोंनी सापडलेत, असं मी सांगून बसले. त्यानंतर चाचांचा मोबाइल आणि माझी संध्याकाळ, दोन्ही त्याच कामाला लागली.

महिनाभरात गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर सूर्यमाला लागली. चाचांच्या भिंतीत ठोकलेली एक लोखंडी मेख म्हणजे सूर्य. पृथ्वी तिच्यापासून एक वीत, गुरू पाच वितींवर. त्या मापाने युरेनस माझ्या दारासमोर आला आणि नेपच्यून माझ्या खिडकीच्या गजाला बांधावा लागला. माझी हरकत नव्हती. चाचींची होती, कारण शनीच्या जागी त्यांचे परकर वाळायचे.

या ग्रहांना हिरव्या चिठ्ठ्या होत्या. त्याच मेखेला वर दुसरी दोरी बांधून त्यावर परक्या ताऱ्यांचे ग्रह लावले, आणि तिथे सगळा घोळ झाला. गुरूएवढे ग्रह ताऱ्याला खेटून फिरत होते, चार दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण. चाचांच्या मापाने मेखेपासून अर्ध्या बोटावर. पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान असे तर ढिगाने, आणि आपल्याकडे तसला एकही नाही. चाचांनी सगळ्यांना पिवळी बांधली. तक्त्याप्रमाणे तांबडी बांधायला हवी ना, असं मी चिडवलं.

"नग समोर आहे, बाई. त्याला नापास कसा करणार?"

ताऱ्याजवळचे मोठे ग्रह सहज सापडतात म्हणून तेच आधी सापडले, हेही मी त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं. वरच्या थरातला माल बघून खोक्याबद्दल बोलू नये, म्हणाले. हे मोठे ग्रह लांबच तयार झाले आणि मग आत सरकले असं काही जण मानतात, हे सांगितल्यावर त्यांनी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं, 'जागा बदललेली. कशी, ते बघणे.'

मग एक दिवस त्यांनी विचारलं, पहिला असा ग्रह सापडला तेव्हा लोक काय म्हणाले? काहींनी शंका घेतली, म्हटलं. तो ग्रह नसेल, ताराच फुगत-आकसत असेल, असंही म्हणाले. पुढे आणखी सापडले, तेव्हा सिद्धांत दुरुस्त करायला घेतले.

"आणि माफी मागितली?"

"कुणाची? ग्रहांची?"

"ज्याने आधी दाखवला त्याची."

मी हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी मेखेला बांधलेली जुनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. उन्हाने तिचा रंग उडून गेला होता. मी ती इतके दिवस गुलाबी समजत होते. ती तांबडी होती.

ती तंबूची मेख होती. जवळच्या औंढे गावातल्या एका माणसाने छोटा कारखाना टाकून भांडारासाठी अशा मेखा बनवल्या होत्या. ड्रॉइंगमधल्या मेखेचं डोकं घणाच्या माराने फुटतं म्हणून याने डोकं जाड केलं होतं. ठोकून बघा, असं तो विनवत होता. चाचांनी ठोकून बघितलं नाही. मापलं, जाड भरलं, सगळा माल नापास केला. नमुन्याची ही एक मेख तेवढी त्यांच्याकडे राहिली. नापास कारखान्याला पुन्हा काम कोण देतो? कारखाना बंद पडला, माणूस शेतीकडे परत गेला. वर्षभराने नवीन ड्रॉइंग आलं. डोकं तेवढंच जाड. चाचा औंढ्याला कधी गेले नाहीत.

"मी चुकलो नव्हतो," ते म्हणाले. "कागदाप्रमाणे बरोबरच होतो. म्हणूनच झोप लागत नाही."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही आली. रविवारी रिक्षा केली आणि त्यांना औंढ्याला नेलं.

तो मेखवाला म्हणजे आबा. ते अंगणात भात उफणत होते. चाचांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तपासणीचा अहवाल वाचावा तसं. आबांनी सूप खाली ठेवलं.

"ठाव हाय मला," आबा म्हणाले. "नव्या मेखा कशा करायच्या त्ये इचाराया दुसरा कारखानदार माज्याकडंच आलता. मीच दावलं त्याला."

चाचांनी विचारलं, मग माझ्याकडे का नाही आलास?

"तपासणारा तू. तू यायचं." आबांनी हाताचा कोंडा झटकला. "पर तुला नापास न्हाई केलं, भाई. तुजी ती पिवळी चिठ्ठी बांधून ठिवलीती."

चाचांनी खिशातून हिरवी चिठ्ठी काढली, सही केली, तारीख घातली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. आबांनी ती सावकाश वाचली, गोठ्याच्या वाशाला बांधली आणि आत चहा टाकायला सांगितलं. चहात साखर फार झाली होती. घरी आल्यावर चाचांनी मेखेची तांबडी कापून टाकली.

चाचा गेले त्याला आता वर्ष होईल. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः नवा बल्ब आणला की. चाचींनी ग्रह काढले नाहीत. परकर मात्र आता दुसरीकडे वाळतात.

आबा भेटायला आले तेव्हा पावसाने भिंत भुसभुशीत झाली होती, मेख ढिली पडली होती आणि दोन्ही दोऱ्या लोंबत होत्या. आबांनी हातोडा मागितला आणि सात-आठ घाव घातले. दोऱ्या ताठ झाल्या, सगळे पिवळे ग्रह एकदम वर उडाले आणि नेपच्यून माझ्या गजावर आपटला.

आबांनी मेखेच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि मला जवळ बोलावलं.

"बगा बाई. फुटलं न्हाई."

मी बघितलं. फुटलं नव्हतं.