नारळासाठी खुर्ची

मंचावर तीन खुर्च्या होत्या. एकीवर अध्यक्ष, आमच्या गावचे आंब्याचे बागायतदार. दुसरीवर पाहुणे, रुमानियाचे वृद्ध संगीतकार. तिसरी रिकामी. मी दुभाषी, तिच्याकडे वळले, तेवढ्यात अध्यक्षांनी सत्काराची शाल आणि नारळ उचलून तिच्यावर ठेवला.

"गो, तू खाली रव. माईक थंयच आसा."

मी खाली उभी राहिले. साठी उलटलेली, गुडघे दुखणारे. त्यांच्या दोन्ही मुलांना इंग्रजी मीच शिकवलं होतं. पण मी मासेमाराची, रापणकाराची मुलगी. शाळेत असताना मासळीचा वास येतो म्हणून मला भिंतीकडे उभं करत. बाळांनो, उभं राहण्याची सवय फार जुनी.

पाहुणे इंग्रजीत बोलत, मी मराठीत सांगे. तरुणपणी ते राजधानीतल्या मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक. सगळे वादक त्यांच्या हातातल्या छडीकडे बघून वाजवायचे. पुढे राज्यकर्त्याच्या स्तुतीची रचना करा, असा हुकूम आला. एकदा केली. दुसऱ्यांदा नाही म्हणाले. छडी गेली. सरहद्दीवरच्या शाळेत गाणं शिकवत उमेदीची वर्षं सरली. राजवट कोसळल्यावर परत बोलावलं, तेव्हा केस पिकले होते. हे सगळं ते पावसापाण्याचं बोलावं तसं सांगत होते.

मग म्हातारपणी, नव्या सुरांच्या शोधात ते आमच्या किनाऱ्यावर आले. सत्काराआधीच्या हिवाळ्यात ते रोज सकाळी रापणीवर यायचे. पाण्यात सोडलेलं लांब जाळं माणसं दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढतात. माझा भाऊ हाक देतो, त्या हाकेवर सगळे एकदम मागे रेलतात. पाहुण्यांनीही दोर धरला. तळहाताला फोड आले. दोराला हात लावेल त्याला वाटा, ही आमची रीत. त्यांना बांगडे मिळाले. त्या हाकेवर आपण नवी रचना बांधली, असं ते आता मंचावरून सांगत होते.

अध्यक्ष माझ्याकडे वाकले. "तां रापणीचां सोड. आमच्या देवळातलां भजन आयकल्यान, म्हणान सांग."

भाऊ दाराशी उभा होता. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

मी माईकवर म्हणाले, "ही लय रापण ओढणाऱ्यांची आहे, असं पाहुणे सांगतात. हाक माझ्या भावाची. तो तिथे दाराशी उभा आहे."

मी माईक घेऊन पायऱ्या चढले. शाल-नारळ अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला. बसले. उरलेलं भाषांतर बसून केलं.

घरी जाताना भाऊ म्हणाला, "बाय, तुका आता कोण बोलवचो नाय. त्या म्हाताऱ्याक मात्र परत रापणीर धाड."

खरंच कुणी बोलावलं नाही. काही वर्षं गेली. गुडघे तेच, थकवा जास्त. परवा अध्यक्षांचा मुलगा आला. कुणी परदेशी पाहुणे येणार आहेत, तेवढं भाषांतर करा म्हणाला. मंचावर माझी खुर्ची आहे का, मी विचारलं. बघूया, म्हणाला.

मी त्याला तसाच परत पाठवला. दोराला हात लावेन, तर वाटा घेईन. आधी खुर्ची. मगच तोंड उघडेन.