लालबागवरची उडती तबकडी

परग्रहावरची तबकडी लालबागेत मी उतरवली. एकटीने, आणि तेही सासूबाईंना न विचारता!

त्याचं असं झालं. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले माझे दीर सुटून घरी आले. चाळीच्या काळोख्या गॅलरीत सासूबाई त्यांना ओवाळत होत्या आणि मी, नवी सून, ह्यांच्या डबा कॅमेऱ्याने फोटो काढत होते. ह्यांनी हजारदा बजावलं होतं, "एक फोटो झाला की चावी फिरव. नाहीतर दुसरा फोटो पहिल्याच्या डोक्यावर बसेल."

"एवढं कळतं मला!" असं फणकारून मी चावी न फिरवताच गच्चीवर गेले आणि तिन्हीसांजेला गिरणीच्या चिमणीचा फोटो काढला. माहेरी पाठवायला! (चिमणी जावयाचीच आहे असा तिकडे समज होता. मी तो मोडला नव्हता.)

फोटो धुऊन आला, तर चिमणीच्या वर चकाकती थोरली तबकडी! तिच्यावर दोन दिवे!

"वहिनी, ही उडती तबकडी!" शेजारचे मास्तर किंचाळले. "तुम्हाला दिसली?"

दिसला होता तो फक्त धूर. पण लग्नानंतर पहिल्यांदाच सगळी चाळ माझ्या तोंडाकडे बघत होती हो!

"दिसली म्हणजे? डोक्यावरनं गेली! घूंऽऽ करत! पदर उडाला माझा!"

मास्तरांनी फोटो पेपरात छापून आणला. मग काय, पार हिंदमाता थिएटरपासून बायका मला बघायला येऊ लागल्या. प्रत्येकीगणिक तबकडी खाली येत गेली. शेवटी शेवटी तर ती आमच्या वाळवणाला घासून जाई! खालच्या चौकात पोरांनी घोषणा सुरू केली, "मंगळासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

आणि एका सकाळी सरकारी चौकशी दारात उभी राहिली. एक वेधशाळेचे चष्मेवाले साहेब आणि एक पोलीस इन्स्पेक्टर.

साहेबांनी फोटोवर भिंग धरलं. "तबकडीत एक गोल यंत्र दिसतंय. शेजारी धातूचं कडं. आणि इथे धुरात... चालक असावा. मिशा आहेत त्याला."

"मिशा?" इन्स्पेक्टरांनी भिंग ओढून घेतलं. "अहो, ह्या मिशा मी ओळखतो! मीच ह्यांना गाडीत कोंबलं होतं!" ते गर्रकन दिरांकडे वळले. "काय हो, सुटलात नाही तोच आपलं तोंड रंगवलेले फुगे गिरणीवर सोडता? कसला इशारा हा? चला चौकीवर!"

दीर कळवळले. "साहेब, मी आल्यापासून फक्त झोपलोय!"

सासूबाईंनी माझा दंड धरला. "तू डोळ्यांनी बघितलंस ना गो? मग सांग ना! माझ्या झिलाक परत आत धाडतंस काय?"

एकीकडे चाळभर मिळालेला मान, दुसरीकडे दीर चप्पल घालायला लागलेले. मी डोळे मिटले.

"साहेब, ती तबकडी नाही. ओवाळायचं तबक आहे!"

"पितळेचं तबक चिमणीवर चढलं कसं?"

"मी चावी फिरवली नाही."

सासूबाईंनी तबक आणून साहेबांच्या पुढ्यात आदळलं. दोन निरांजनं, सुपारी, अंगठी, अक्षता. साहेबांनी भिंगातून एकदा फोटो बघितला, एकदा तबक, आणि ते असे काही हसले की चष्मा अक्षतांत पडला. "गोल यंत्र... सुपारी! कडं... अंगठी! आणि चालक... हे ओवाळून घेणारे गृहस्थ!" इन्स्पेक्टरांना हसू आवरेना, पण ते खात्याचे असल्यामुळे भिंतीकडे तोंड करून हसले.

"पण वहिनी," मास्तर फोटो पुढे करत म्हणाले, "ते घूंऽऽ?"

मी पदराने तोंड झाकलं. (हा पदर मात्र कधीच उडाला नव्हता.)

साहेबमंडळी चहा पिऊन गेली. चाळ पोट धरून आपापल्या खोल्यांत गेली. दिरांनी पायातल्या चपला काढल्या आणि मला हात जोडून म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला मी सुटून येईन ना, तेव्हा तुम्ही माहेरी जा."