पेरूएवढा गोळा आणि नऊची पॅसेंजर

“मास्तर, पिशवीत गोळाच न्हाई!”

सांधे बदलणारा पॉइंट्समन सखाराम धापा टाकत आला, तोवर मालगाडी न थांबता नगरकडे निघून गेली होती. स्वातंत्र्याच्या थोडी आधीची गोष्ट. नगरपासून तासाभरावरच्या एका लहान स्टेशनवर मी स्टेशन मास्तर होतो.

गोळा म्हणजे टोकन. आमची लाइन सिंगल. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून ड्रायव्हरला मशीनमधून काढलेला धातूचा गोळा द्यायचा. दोन्ही स्टेशनांची मशीन तारेनं जोडलेली; पुढच्या स्टेशनवर तो पुन्हा मशीनमध्ये पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नाही. न थांबणाऱ्या गाडीचा फायरमन तो चामडी पिशवीतून खाली टाकतो. आज पिशवी आपटली, पट्टा सुटला, गोळा गायब!

मागच्या स्टेशनवर पॅसेंजर अडकली. तिथल्या मास्तरांचा फोन आला.

“गोळा टाका की लवकर!”

“सापडला की टाकतो.”

“सापडला की? अहो, गोळ्याशिवाय नुसत्या कागदी परवान्यावर गाडी सोडायची तर वरून परवानगी लागेल. तासभर तरी जाईल.”

प्लॅटफॉर्मवर रोजची मंडळी होती. दूधवाले, भाजीवाल्या, कचेरीतले कारकून. आणि शकूरभाई पिंजारी, सोबत मुलगी जुबेदा. अकरा वाजता नगरला तिची व्हर्नाक्युलर फायनल होती, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा. गावातून परीक्षेला बसणारी ती पहिलीच मुलगी.

“मास्तर, गाडी कवा येनार?” शकूरभाईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते एकदम वळले.

“चला रे समदे! पेरूएवढा गोळा हाय. शोधू!”

पॅसेंजरांना रुळांवर उतरू देणं नियमाबाहेर. पण सगळ्यांत आधी मीच उतरलो. पाठोपाठ पन्नासेक माणसं भरावाच्या उतारावर पसरली. कुणी गवत उपटतंय, कुणी खडी चाळतंय. “घावला!” अशी आरोळी आली की सगळे धावायचे, आणि हातात निघायचा दगड.

“हितं घुशीचं बीळ हाय बगा!” भाजीवाली भागूबाई माळीण ओरडली.

शकूरभाईंनी कोपरापर्यंत हात घातला.

“अब्बा, साप असंल!” जुबेदा किंचाळली.

“गप गं. कायतरी गार लागतंय... लई गुळगुळीत हाय...”

हात बाहेर आला तो गोळा घेऊनच!

असा मी आयुष्यात कधी पळालो नाही. धोतराला पुसून गोळा मशीनमध्ये टाकला, घंटा दिली. पलीकडून उत्तराची घंटा आली आणि प्लॅटफॉर्मवर एकच गलका झाला.

नऊची पॅसेंजर पस्तीस मिनिटं उशिरा लागली. जुबेदाला भागूबाईनं अक्षरशः ढकलून डब्यात चढवलं. पेपर सुरू व्हायला पाच मिनिटं असताना ती वर्गात पोचली, असं संध्याकाळी शकूरभाईंनी सांगितलं. पुढे ती पास झाली आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली.

आठवड्यानं इन्स्पेक्टर साहेब आले.

“पब्लिकला लाइनवर कुणाच्या परवानगीनं उतरवलंत?”

“माझ्याच, साहेब.”

मला लेखी ताकीद मिळाली. रेल्वेत वस्तू हरवली की आधी रिपोर्ट लिहावा, असं नियम सांगतो. माझं मत, आधी शोधावी. रिपोर्ट लिहायला साहेब नंतर भरपूर वेळ देतात.